भूकंपानंतर कायदा आला, सोसायटीत ड्रिल कधी?

संपादक साहेब,

२६ जानेवारी २००१ ला झेंडावंदनाहून नुकताच घरी आलो होतो, पावणेनऊला फळीवरची भांडी धडाधड खाली, आई ओरडली बाहेर पळा. भुज-भचाऊकडे तर होत्याचं नव्हतं झालं. तोपर्यंत आपत्ती म्हणजे नंतर मदत वाटायची एवढंच होतं, मग गुजरातने लगेच आपत्ती व्यवस्थापनाचं वेगळं प्राधिकरण काढलं, २००३ ला कायदा केला, त्सुनामीनंतर २००५ ला देशाचाही आला, एनडीआरएफची (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची) बटालियन तर आपल्या जरोदलाच आहे. हे फार मोठं काम झालं, पण आमच्या चार मजली सोसायटीत आजवर एकदाही ड्रिल नाही, जिन्यात स्कूटर नि जुनी कपाटं, रात्री हललं तर आजी उतरणार कुठून? पालिकेने वॉर्डावॉर्डात ड्रिल घ्यावं, जुन्या बिल्डिंगा पण तपासाव्यात.

एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा