तपशील छापून आले की चाचणी संपते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पॉलिग्राफ (प्रचलित नाव 'लाय डिटेक्टर') परीक्षकांची व्यावसायिक परिषद नुकतीच पणजीत झाली. तिच्या बातम्यांत भर होता तो सभागृहाबाहेर मांडलेल्या नव्या यंत्रांवर आणि 'खोटे पकडले जाणारच' या सुरावर. आत बसलेल्यांच्या मनावर ठसले ते वेगळेच, आणि त्यातला एक भाग थेट वृत्तपत्रांशी निगडित आहे. म्हणून हे पत्र.

आधी यंत्राविषयी थोडे. खोटे मोजणारी सुई त्यात नाही. छातीभोवती एक आणि पोटाभोवती एक अशा दोन नळ्या श्वास नोंदवतात. बोटांवरच्या दोन पट्ट्या त्वचेची विद्युतवाहकता, म्हणजे घामाचा बदल टिपतात. दंडावरचा कफ रक्तदाब आणि नाडीची सापेक्ष चढउतार दाखवतो, बोटाच्या टोकावरची चिमटी रक्तप्रवाह दाखवते आणि आसनाखालची गादी हालचाल पकडते. यातून मिळते ती एवढीच माहिती, की अमुक प्रश्नाला शरीराने जास्त प्रतिसाद दिला. तो का दिला, हे परीक्षकाने ठरवायचे असते. स्टॉलवर 'संगणकच निकाल देतो' म्हणून जे खपवले जात होते, त्याचीही अडचण हीच: प्रश्न वाईट असेल तर संगणक त्या वाईट प्रश्नाचे गुण बिनचूक मोजतो.

सर्वांत उपयोगी ठरली ती कार्यशाळा, जिच्यात नावगाव झाकलेले जुने आलेख वेगवेगळ्या परीक्षकांना गुण द्यायला दिले होते. दोन प्रश्नांच्या प्रतिसादांच्या प्रत्येक तुलनेला उणे ३ ते अधिक ३ असे गुण देण्याची पद्धत जुनी आहे. मतभेद झाले ते बहुधा अशा आलेखांवर, जे मुळात घ्यायलाच नको होते. कफ सैल, नळी छातीवरून घसरलेली, नाहीतर दोन प्रश्नांत पुरेसे अंतर नाही. घामाचा प्रतिसाद प्रश्नानंतर एक ते तीन सेकंदांत सुरू होतो आणि खाली यायला वेळ घेतो. म्हणून दोन प्रश्नांत निदान २० ते २५ सेकंद जाऊ द्यावे लागतात. दहा-बारा प्रश्न म्हणजे एका आलेखाला चार-पाच मिनिटे लागतात आणि असे किमान तीन आलेख घेतात. एवढा वेळ दंडावर साधारण ६० ते ७० मिलिमीटर पाऱ्याचा दाब असतो. हात बधिर होतो, दुखतो, आणि दुखणे हेही आलेखात उमटते. म्हणून दर आलेखानंतर दाब सोडून विश्रांती द्यायची. सुरू करण्याआधी कफ फुगवून दाब टिकतो का ते पाहायचे. नळीच्या जोडात बारीक गळती असली तर रेषा संथपणे खाली सरकत राहते, आणि नवखा परीक्षक तिचा अर्थ लावत बसतो. कफ एका हाताला लावला तर बोटांच्या पट्ट्या आणि चिमटी दुसऱ्या हाताला, हा नियम सांगायला साधा आहे, पण दाखवलेल्या आलेखांतही तो मोडलेला दिसला.

गोव्याच्या हवेचा विषय इथेच निघाला. पावसाळ्यात दुचाकीवरून भिजत-घामेजत आलेल्या माणसाला लगेच खुर्चीत बसवले की वाहकतेची रेषा आधीच वर चढलेली असते आणि वर जायला जागाच उरत नाही. हात धुऊन, कोरडे करून, २२ ते २४ अंशांच्या खोलीत पंधरा-वीस मिनिटे बसू द्यावे, वातानुकूलनाचा झोत अंगावर येऊ देऊ नये. उलट टोकाला रापणीचे दोर ओढणारे, माडावर चढणारे रेंदेर, खाणीवर राबलेले हात. बोटांची कातडी इतकी जाड, की पट्ट्यांना जेमतेम काही मिळते. अशा वेळी त्या तळहाताच्या मऊ भागावर लावाव्यात. बीटा-ब्लॉकर (हृदयाची गती मंदावणारे औषध) घेणाऱ्याची नाडी फारशी हलत नाही, हे चाचणीपूर्व मुलाखतीतच विचारायचे. आदल्या रात्रीच्या फेणीचेही तसेच. वीज गेली तर तो आलेख बाद धरून नवा घ्यायचा, अर्ध्यावरून पुढे जोडायचा नाही.

भाषेचा प्रश्न तर आमच्याकडे रोजचा. पेडण्याची बोली आणि साष्टीची बोली एक नाही, आणि मजूर कन्नड किंवा हिंदी बोलणारा असू शकतो. दुभाषा लागला की खरी चालना दुभाष्याच्या आवाजाने मिळते. तेव्हा प्रश्नाची सुरुवात आणि शेवट आलेखावर नोंदवायचा तो दुभाष्याच्या बोलण्याप्रमाणे, परीक्षकाच्या नव्हे. प्रश्न त्याच्याकडे आधी लिहून द्यायचे आणि सगळे एकाच पट्टीत, एकाच वेगाने वाचून घ्यायचे. नकारार्थी प्रश्न मुळीच नको. 'तुम्ही पैसे घेतले नाहीत ना?' याला 'हो' म्हणणारा काय म्हणाला, हे यंत्रालाच काय, परीक्षकालाही सांगता येणार नाही.

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडे सर्रास वापरतात ती तुलनात्मक प्रश्नांची पद्धत. 'कपाटातले पैसे तुम्ही घेतले का?' या प्रश्नाच्या प्रतिसादाची तुलना 'विश्वास ठेवणाऱ्या कोणाला तुम्ही कधी फसवले आहे का?' अशा प्रश्नाशी करायची. अपराधी पहिल्याला घाबरेल, निरपराध दुसऱ्याला जास्त, असे गृहीत आहे. पण पोलीस ठाण्यात दोन रात्री बसवलेला निरपराध माणूस पहिल्याच प्रश्नाला का घाबरणार नाही, याचे समाधानकारक उत्तर परिषदेतही मिळाले नाही.

दुसरी पद्धत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड लिकन यांनी १९५९ मध्ये मांडली, आणि जपानचे पोलीस ती नित्याने वापरतात. तिच्यात 'तू केलेस का?' असे विचारतच नाहीत. पाहायचे ते एवढेच, की गुन्हेगारालाच ठाऊक असेल असा तपशील या माणसाला ओळखीचा आहे का. समजा, खुनात कोयता वापरला आहे. मग विचारायचे: हत्यार कुऱ्हाड होते का? सुरी? सळी? कोयता? पहार? हातोडा? पहिला पर्याय नेहमी खोटा ठेवायचा आणि त्याचे गुण धरायचे नाहीत, कारण पहिल्या शब्दाला कोणीही दचकतो. उरले पाच. निरपराध माणसाला पाचही सारखेच, तेव्हा सर्वांत मोठा प्रतिसाद नेमका खऱ्या पर्यायावर येण्याची शक्यता पाचात एक. असे सहा तपशील घेतले आणि सहाही वेळा खरा पर्यायच वर आला, तर निव्वळ योगायोगाने तसे घडण्याची शक्यता १५,६२५ मध्ये एक. प्रत्यक्षातले आलेख इतके नीटस नसतात, पण घाबरट निरपराधाला इथे जे संरक्षण मिळते ते पहिल्या पद्धतीत नाही. घाबरला तरी तो पाचही पर्यायांना सारखाच घाबरेल.

पर्याय निवडण्यात मात्र कस लागतो. गावातल्या भांडणाच्या प्रकरणात चार शेतीची अवजारे आणि एक पिस्तूल अशी यादी केली तर पिस्तूल आपोआप उठून दिसते. म्हणून यादी आधी प्रकरणाशी संबंध नसलेल्या काही जणांना दाखवायची आणि 'यातले खरे कोणते वाटते?' असे विचारायचे. बरेच जण बरोबर ओळखू लागले तर ती यादी फेकून द्यायची. फोंड्याजवळ कुर्टीत राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाचे केंद्र आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना हे काम सहज देता येईल. शिवाय तपशील असा हवा, जो करणाऱ्याच्या लक्षात राहिल्यावाचून राहणार नाही: हातात धरलेली वस्तू, फोडलेले कुलूप, लपवण्याची जागा. खिडकीच्या पडद्याचा रंग गुन्हेगारानेही पाहिलेला नसतो. म्हणून प्रतिसाद आला नाही म्हणजे माणूस निर्दोष, असेही या पद्धतीत म्हणता येत नाही.

ही पद्धत गोव्यात का चालत नाही? कारण तपशील उरतच नाहीत. सकाळी मृतदेह सापडतो, दुपारी मोबाइलवर फोटो फिरतात, संध्याकाळी पत्रकार परिषदेत हत्यार टेबलावर मांडून ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात वार किती, कुठे, दागिने कोणत्या डब्यातून काढले, मागचे दार कसे उघडले, सगळे चौकटीत. हे वाचलेल्या निरपराध संशयितालाही 'कोयता' शब्द ओळखीचा होतो. सहापैकी चार तपशील छापून आले की उरतात दोन. मग १५,६२५ मध्ये एक हे गणित एकदम पंचविसात एक होते, आणि एवढ्या आधारावर कोणताही जाणता परीक्षक अहवालावर सही करणार नाही.

दोष एकट्या वृत्तपत्रांचा नाही. सर्वांत मोठी गळती चौकशीतच होते. 'कोयता कुठे टाकलास?' असे संशयिताला दहा वेळा विचारून झाल्यावर त्याला परीक्षकाकडे पाठवतात. शिवाय संवेदनशील प्रकरणे वगळता प्रथम माहिती अहवाल २४ तासांत संकेतस्थळावर टाकावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आहे, आणि तो योग्यच आहे. तेव्हा राखून ठेवायचे तपशील त्या अहवालातले असूच शकत नाहीत. ते घ्यायचे नंतरच्या पाहणीतून. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) मध्ये सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे. त्याच भेटीत तज्ज्ञाने सहा ते आठ तपशील वेगळे लिहावेत, तारीख-वेळेसह पाकीट सीलबंद करावे आणि चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यालाही ते कोणते हे कळवून 'हे संशयितासमोर उच्चारू नका' असे लेखी द्यावे. चाचणी घेणाऱ्याला खरा पर्याय कोणता हे माहीत नसले तर उत्तमच, म्हणजे आवाजातूनही तो फुटत नाही. या सूचनेला सभागृहात विरोध झाला नाही. पोलीस ठाण्यावर मनुष्यबळ कुठे आहे, एवढाच सवाल आला. एका पाकिटाला मनुष्यबळ लागत नाही.

'पॉलिग्राफमध्ये नापास' या मथळ्याविषयीही लिहिले पाहिजे. ५ मे २०१० च्या सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालानुसार संमतीशिवाय ही चाचणी घेता येत नाही. संमती दंडाधिकाऱ्यासमोर नोंदवावी लागते, वकिलाची सोय द्यावी लागते. संमतीने घेतली तरी चाचणीचा निष्कर्ष स्वतः पुरावा ठरत नाही. तिच्या मदतीने पुढे एखादी वस्तू हाती लागली तर तेवढ्याचा विचार होऊ शकतो. चाचणीला नकार देणे हा हक्क आहे, कबुली नव्हे. आमच्या अहवालात पास-नापास नसते. प्रतिसाद फसवणूक सुचवतो, सुचवत नाही किंवा काही ठरवता येत नाही, असे तीनच प्रकार, आणि तिसरा प्रकार लिहायला लाजू नये यावर जुने परीक्षक ठाम होते.

हॉटेल, कॅसिनो आणि गोदामवाले चोरी झाली की सरसकट सगळ्या कामगारांची चाचणी मागतात, त्यांच्यासाठी एक हिशेब. २०० कामगारांत चोर एक, आणि चाचणी दोन्ही बाजूंनी ८५ टक्के बरोबर, असे धरू. चोर बहुधा सापडेल, पण त्याच्यासोबत सुमारे ३० निरपराध माणसे संशयित ठरतील. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००३ च्या अहवालात असेच उदाहरण घेतले होते: १०,००० कर्मचाऱ्यांत १० हेर. त्यांतले ८ पकडायचे तर सुमारे १,६०० प्रामाणिक लोक सोबत अडकतात. तिथे १९८८ च्या कायद्याने बहुतेक खासगी मालकांना अशा चाचण्यांची मनाई आहे. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही, म्हणून निदान परीक्षकांनी तरी अशी कामे घेऊ नयेत. या ठरावावर परिषदेत एकमत झाले नाही, याची खंत आहे.

आपल्याकडून अपेक्षा मोजकी आहे. खून-दरोड्याच्या बातमीत हत्याराचा नेमका प्रकार, वार आणि लपवलेल्या मालाची जागा आरोपपत्र दाखल होईपर्यंत छापू नका. 'धारदार हत्यार' एवढे वाचकाला पुरते. चाचणीची बातमी देताना पद्धत कोणती होती, संमती कोणासमोर नोंदवली आणि मूळ आलेख बचाव पक्षाला मिळाले का, हे अधिकाऱ्याला विचारा. उत्तर मिळाले नाही, तर मिळाले नाही असेच छापा.

आपले,
परिषदेला उपस्थित असलेले काही परीक्षक व न्यायवैद्यक मानसशास्त्राचे अध्यापक, गोवा