जुन्या पणजीच्या वाटा आणि बेतीची फेरीबोट

महोदय,

पणजीतील खोदलेल्या रस्त्यांविषयी सध्या बरेच लिहिले जात असताना याच शहरातील माझ्या विद्यार्थिदशेतील वाटा आठवल्या. ५ जुलै १९८६ रोजी मांडवी नदीवरील पूल कोसळला तेव्हा मी म्हापशाहून रोज पणजीला कॉलेजला येत असे. १९७० साली खुला झालेला तो पूल जेमतेम सोळा वर्षे टिकला. पुढे कित्येक वर्षे आमची बस पणजीसमोरच्या काठावरील बेतीच्या धक्क्यावरच थांबे आणि तेथून भर पावसात फेरीबोटीची वाट पाहत, मासळीच्या पाट्या नि भिजलेल्या छत्र्यांच्या गर्दीतून आम्ही पलीकडे उतरत असू. ‘फाटीं वच, फाटीं वच’ (मागे सरका) हा कंडक्टरचा पुकारा मात्र बोटीतही कानांत घुमत राही.

गोव्याचे सरकारी कदंब परिवहन महामंडळ १९८० साली स्थापन झाले, तरी आमच्या आजीच्या तोंडी प्रत्येक बस ‘कारेर’च राहिली. सुटीच्या दिवशी पाटोचा पूल ओलांडून मळा भागातील मारुतीच्या दर्शनाला जायचे आणि परतताना फोंतेन्यश या जुन्या वस्तीच्या अरुंद गल्ल्यांतून रमतगमत यायचे, हा आमचा ठरलेला क्रम असे. रायबंदरमार्गे जुन्या गोव्याला जाणारी बस सतराव्या शतकातील पोर्तुगीजकालीन बांधावरून धावे. डावीकडे मांडवी, उजवीकडे मिठागरे, त्यामुळे खिडकीजवळच्या जागेसाठी भांडणे ठरलेलीच (बहुधा मीच हरत असे).

या जुन्या मार्गांची माहिती देणारे फलक निदान पणजी बसस्थानकावर तरी लावावेत, अशी विनंती आहे.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, म्हापसा