कतरीनातल्या होडीवाल्यांना आणि जहाजावरच्या मुलाला

२९ ऑगस्ट २००५ ला कतरीना चक्रीवादळात अमेरिकेच्या लुईझियाना राज्यातल्या न्यू ऑर्लिन्सचे पूरबांध फुटले आणि जवळपास ८० टक्के शहर पाण्याखाली गेलं. तटरक्षक दलाने त्या दिवसांत ३३ हजारांहून अधिक लोकांना वाचवलं, त्याची नोंद आहे. हे आभार ज्यांची नोंद नाही त्यांचे.

लुईझियानाच्या खाडीपट्ट्यातून मासेमारीच्या सपाट तळाच्या होड्या ट्रेलरवर घेऊन आलेले ते दादा लोक! महामार्गाचा उतार जिथे पाण्यात शिरत होता, तिथूनच होड्या सोडत. खाली गाड्यांचे टप, कुंपणं, काहीच दिसत नसे. म्हणून मोटर वर उचलायची आणि काठीने रेटत यायचं. मधेच सगळं थांबवून कान द्यायचे, माळ्यावरून कोणी हाक मारतंय का. आमच्या सासूबाईंना दोघांनी खिडकीतून अलगद उचलून घेतलं, औषधांच्या डब्यासकट. नाव विचारलं तर नुसता हात हलवला.

पुढे सरकारने भाड्याने घेतलेल्या पर्यटन जहाजांवर पोलीस, अग्निशमनवाले, शहराचे कर्मचारी कुटुंबासह राहिले. आमचे हे शहराच्या नोकरीत, म्हणून आम्हीही. २३ कोटी ६० लाख डॉलरच्या त्या कंत्राटावर टीका झाली, ती रास्तच. पण आमच्या चादरी बदलणाऱ्यांचा त्यात काय दोष? स्वयंपाकघरात रत्नागिरीकडचा एक मुलगा होता. सासूबाईंना पाव-चीज जाईना, तर खलाशांच्या जेवणातला वरणभात आणून द्यायचा. "आजी, तूप तेवढं नाही हं," म्हणायचा.

बाळा, हे वाचलंस तर कळव. आता तूप आहे, जेवायला ये.