मिथुन उल्कावर्षाव : १३ डिसेंबरची रात्र

सभासदहो, रविवार १३ डिसेंबर २०२६ रोजी रात्री गिरणारेजवळच्या मळ्यावर, नेहमीच्याच जागी जमायचे आहे. निघायचे साडेआठला, गंगापूर नाक्यावरून. नावे शुक्रवारपर्यंत कळवा, गाड्या कमी पडतात.

चंद्र दहाच्या सुमारास मावळेल. तोवर दुर्बिणीतून शनीची कडी पाहून घेऊ. उल्कांना मात्र दुर्बीण नकोच, चटईवर आडवे पडून उघड्या डोळ्यांनी जितके आकाश मावेल तितके बघायचे. उल्का पुनर्वसूच्या ताऱ्यांजवळून फुटल्यासारख्या दिसतात. संध्याकाळी हा भाग पूर्वेला, नेमका शहराच्या उजेडात असतो. म्हणून खरी मजा मध्यरात्रीनंतर, दोनला तो जवळपास डोक्यावर येतो. बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंच्या धुळीचे. हा फेथॉन या लघुग्रहाचा.

डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास लागतो आणि मोबाइलचा एक झगझगाट तो वाया घालवतो. टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावा. थंडी निफाडइतकी नसली तरी दव भरपूर असते. कानटोपी, घोंगडी आणाच. चहा मंडळाचा, खाणे आपापले.

सोमवारी कामावर जायचे त्यांनी परतीची सोय आधीच बघावी. ढग आले तर दुपारी चारपर्यंत कळवू.