कोणत्या पायावर?

आदरणीय ताई,
सादर नमस्कार.

गेल्या रविवारी कराटेच्या परीक्षेत ‘हेइआन शोदान’ हा काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम, मी न अडखळता पूर्ण केला. त्याचे श्रेय आपल्या शिक्षकांच्या, सेन्सेईंच्या, बरोबरीने तुमचेही आहे, म्हणून हे पत्र. ओकिनावातील कराटेगुरू इतोसु यांनी शाळकरी मुलांसाठी बसवलेल्या मालिकेतला हा काता त्रेचाळिसाव्या वर्षी मला किती जड जात होता, हे तुम्ही जवळून पाहिले आहे.

वर्गात सगळ्यांबरोबर हातपाय नीट पडत. घरी गॅलरीत उभा राहिलो, की नवव्या हालचालीवरची किआई, म्हणजे जोरदार आरोळी, देऊन झाल्यावर पुढचे काहीच आठवत नसे. तेव्हा तुम्ही दोनशे पानी वही हातात ठेवलीत आणि सांगितलेत, की वर्ग सुटल्यावर घाम वाळायच्या आत, गाडीला किक मारण्यापूर्वी पाच ओळी लिहायच्या, आणि त्यात सेन्सेई काय म्हणाले यापेक्षा आपले शरीर काय करत होते ते लिहायचे.

पहिल्याच आठवड्यात मी लिहिले होते, ‘नऊ : किआई. मग वळून गेदान बाराई.’ (गेदान बाराई म्हणजे हात खाली झटकून केलेला बचाव.) ‘वळून’खाली लाल रेघ मारून तुम्ही विचारलेत, ‘कोणत्या पायावर? कुठल्या बाजूने?’ मला उत्तर देता येईना. पुन्हा करून पाहिले तेव्हा कळले, की उजव्या पायावर डावीकडून पाऊण वळसा घ्यायचा असताना मी उजवीकडे पाव वळसा घेऊन डावा पाय पुढे टाकत होतो. दोन्ही रीतींनी तोंड एकाच दिशेला येत असल्यामुळे मागच्या रांगेतली ही लबाडी माझ्या स्वतःच्याही ध्यानात आली नव्हती.

आणखी एका गोष्टीचे आता हसू येते. कोकुत्सु दाची या पवित्र्यात सुमारे 70 टक्के वजन मागच्या पायावर घेताना माझा तो गुडघा आत पडतो, हा ‘शोध’ मी जून, ऑगस्ट आणि ऑक्टोबर अशा तीन महिन्यांत तितक्याच उत्साहाने नोंदवला आहे. ती तिन्ही पाने पाहून तुम्ही काही बोलला नाहीत. भिंतीशी उभे करून गुडघा बोटांच्या रेषेत येईपर्यंत फक्त बाहेर दाबलात. तेव्हापासून सरावापूर्वी मी जुनी पाने वाचतो; तोवर नुसतेच लिहीत होतो.

वही भरत आली आहे. शेवटच्या पानांवर मालिकेतला पुढचा काता, ‘हेइआन निदान’, सुरू केला आहे, पण पहिल्याच हालचालीत उजवी मूठ कपाळापासून किती अंतरावर, हे अजून वाक्यात बसवता आलेले नाही. मंगळवारी वही घेऊन येतो. लाल पेन जवळ असू द्यावे.

आपला कृतज्ञ,
मागच्या रांगेतला सहाध्यायी