खेळाडूच्या पगारासोबत वेतनमर्यादेतला वाटाही छापावा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या क्रीडा पानावर अमेरिकेतील एनबीए स्पर्धेच्या बातम्या अलीकडे नियमितपणे येऊ लागल्या आहेत. नाशिकमध्ये शाळकरी मुलांना बास्केटबॉल शिकवणारा वाचक म्हणून मला त्याचे मनापासून समाधान वाटते. मात्र खेळाडूंच्या करारांविषयीच्या बातम्या बहुतेक वेळा एकाच साच्यातल्या असतात. अमुक खेळाडूशी इतक्या कोटी डॉलरचा करार झाला, आजच्या दराने त्याचे इतके कोटी रुपये होतात, एवढे सांगून बातमी संपते. तो पगार संघाच्या वेतनमर्यादेचा, म्हणजेच सॅलरी कॅपचा, किती भाग व्यापतो आणि कराराची किती वर्षे उरली आहेत, याचा उल्लेख क्वचितच सापडतो. माझी विनंती अशी आहे की, जागेअभावी रुपयांतला आकडा गाळावा लागला तरी हरकत नाही, पण मर्यादेतला वाटा टक्केवारीत जरूर द्यावा. संघ कसा उभा राहतो आणि ऐन बहरात का मोडतो, हे त्या टक्केवारीशिवाय वाचकाला कळू शकत नाही.

एका हंगामात खेळाडूंच्या पगारावर संघाने किती खर्च करावा, याची मर्यादा एनबीएने १९८४-८५ पासून लागू केली. तेव्हा ती ३६ लाख डॉलर होती. २०२५-२६ साठी ती १५ कोटी ४६ लाख डॉलर आहे. लीगच्या उत्पन्नाचा जवळपास निम्मा हिस्सा खेळाडूंना मिळावा, असा मालक आणि खेळाडू संघटना यांच्यात करार आहे आणि मर्यादा त्या उत्पन्नावरून ठरते. त्यामुळे प्रक्षेपणाचे हक्क महाग विकले गेले की मर्यादा चढते आणि जुने आकडे नव्या आकड्यांशी ताडून पाहण्यात काही अर्थ उरत नाही. १९९७-९८ मध्ये शिकागो बुल्सच्या मायकेल जॉर्डनला ३ कोटी ३१ लाख डॉलर मिळाले. ही रक्कम आज मधल्या फळीतल्या खेळाडूची वाटेल. पण त्या वर्षी संपूर्ण संघाची मर्यादाच २ कोटी ६९ लाख होती, म्हणजे एकट्या जॉर्डनचा पगार मर्यादेच्या १२३ टक्के होता. आपल्याच खेळाडूला पुन्हा करारबद्ध करताना मर्यादा ओलांडण्याची मुभा संघाला असते, म्हणून हे शक्य झाले. बोस्टनच्या लॅरी बर्डच्या नावाने ओळखली जाणारी ही सवलत एनबीएच्या मर्यादेला लवचीक ठेवते. त्याच बुल्स संघात स्कॉटी पिपेनचा पगार २७ लाख ७५ हजार डॉलर, म्हणजे मर्यादेच्या जेमतेम १० टक्के होता. १९९१ मध्ये घरच्या जबाबदाऱ्यांमुळे खात्रीचा पैसा हाती असावा म्हणून त्याने दीर्घ मुदतीचा करार स्वीकारला होता आणि पुढे मर्यादा वाढत गेली तरी त्याचा करार होता तिथेच राहिला. बुल्सच्या त्या संघाचे कौतुक आपण सारे करतो. त्या कौतुकात पिपेनच्या खिशातून गेलेल्या पैशांचीही नोंद असायला हवी, असे माझे मत आहे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण मला ओक्लाहोमा सिटीचे वाटते. लोकसंख्येने हे शहर नाशिकच्या निम्म्याहूनही लहान आहे. तरीही २०१२ मध्ये तिथल्या थंडर संघाकडे केविन ड्युरंट, रसेल वेस्टब्रुक आणि जेम्स हार्डन असे तिघे एकाच वेळी होते आणि संघ अंतिम फेरीत पोहोचला होता. पुढचा हंगाम सुरू होण्याआधीच हार्डनला ह्यूस्टनला देऊन टाकण्यात आले. संघाने देऊ केलेला पगार आणि हार्डनची अपेक्षा यांत संपूर्ण कराराच्या मानाने फार थोडे अंतर होते. पण तेवढ्यानेही पुढील वर्षांत लक्झरी टॅक्सचा, म्हणजे पगारखर्च ठरावीक रेषेपलीकडे गेला की संघाला भराव्या लागणाऱ्या कराचा, बोजा कित्येक पटींनी वाढला असता. २०१८ मध्ये हार्डन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, तेव्हा संघाचे व्यवस्थापक सॅम प्रेस्टी यांच्यावर पुन्हा एकदा टीकेची झोड उठली.

त्याच प्रेस्टी यांनी २०१९ मध्ये पॉल जॉर्जला लॉस एंजेलिस क्लिपर्सकडे पाठवले. त्या बदल्यात शे गिल्जस-अलेक्झांडर आणि ड्राफ्टमधील, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक वाटपातील, निवडीचे अनेक हक्क त्यांनी मिळवले आणि त्यातल्याच एका हक्कावर २०२२ मध्ये जेलन विल्यम्स संघात आला. २०२५ मध्ये थंडर विजेते झाले. त्या हंगामाची मर्यादा १४ कोटी ६ लाख डॉलर होती. तीत गिल्जस-अलेक्झांडरचा वाटा साधारण साडेपंचवीस टक्के होता, तर चेट होल्मग्रेनचा पावणेआठ टक्के आणि विल्यम्सचा साडेतीन टक्क्यांहूनही कमी. म्हणजे तिन्ही प्रमुख खेळाडू मिळून सुमारे ३७ टक्के. ड्राफ्टच्या पहिल्या फेरीतून आलेल्या खेळाडूचा पगार पहिली चार वर्षे ठरावीक तक्त्याने बांधलेला असतो आणि तो कितीही चांगला खेळला तरी त्या काळात तक्त्यापलीकडे वाढत नाही. उरलेल्या ६३ टक्क्यांत आणि सवलतींच्या आधारे प्रेस्टी यांना दुसऱ्या फळीत दर्जेदार खेळाडूंची दाटी करता आली. विजेतेपदानंतर काही आठवड्यांतच या तिघांशीही नवे करार झाले. होल्मग्रेन आणि विल्यम्स यांचे नवे पगार २०२६-२७ पासून मर्यादेच्या किमान २५-२५ टक्के, तर गिल्जस-अलेक्झांडरचा २०२७-२८ पासून ३५ टक्के. माणसे तीच आणि खेळही तोच, पण त्यांचा एकत्र वाटा ३७ टक्क्यांवरून ८५ टक्क्यांवर जाणार आहे. आपल्याकडे या करारांची बातमी आली ती निव्वळ डॉलरच्या आकड्यांची. या संघातून पुढे कोणाला तरी जावे लागणार, ही त्यातली खरी बातमी होती.

हा हिशेब मुलांना कितपत झेपेल अशी शंका कोणी घेईल, म्हणून एक अनुभव सांगतो. सरावानंतर मी मुलांना वहीत पंधरा ओळी आखायला सांगतो, कारण संघात नियमित करारावर पंधराच खेळाडू ठेवता येतात. एकूण बेरीज शंभर धरून त्यांनी संघ निवडायचा असतो. खेळाडूच्या अनुभवानुसार कमाल पगार मर्यादेच्या २५, ३० किंवा ३५ टक्के असतो, एवढे त्यांना आधी सांगितलेले असते. नववीतल्या एका मुलाने पहिल्या तीन ओळींत आपले लाडके तिघे अनुक्रमे ३५, ३० आणि २५ असे लिहून टाकले आणि मग उरलेल्या बारा ओळींसमोर पेन्सिल धरून बराच वेळ तो गप्प बसला. किमान पगारावरचा अनुभवी खेळाडूही सुमारे दीड टक्का खातो, म्हणजे बारा जणांचे १८ टक्के आणि बेरीज १०८. किमान पगाराचे करार मर्यादा ओलांडूनही करता येतात, त्यामुळे हा संघ नियमात बसतो, असे मी त्याला सांगितले. त्यावर त्याने विचारले, ‘‘सर, पण यातला एक जरी जखमी झाला तर?’’ या प्रश्नावर अमेरिकेतले संघव्यवस्थापक वर्षानुवर्षे झोप घालवतात.

बोस्टन सेल्टिक्सवर नेमकी हीच वेळ आली. २०२४ चा विजेता संघ २०२५ च्या उन्हाळ्यात विखुरला. ड्रू हॉलिडे पोर्टलंडला गेला, क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस अटलांटाला गेला आणि अल होरफर्डनेही संघ सोडला. मालकांचा हात आखडला, असा सूर त्या वेळी बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळाला. मे महिन्यात जेसन टेटमच्या पायाचा स्नायुबंध तुटला होता आणि पुढच्या हंगामाला तो बहुतांशी मुकणार हे उघड होते, तरी त्याचा मर्यादेच्या ३५ टक्क्यांचा पगार हिशेबातून वगळता येत नव्हता. वेतनमर्यादेच्या वर लक्झरी टॅक्सची रेषा असते आणि तिच्याही वर दोन रेषा असतात, त्यांना एप्रन म्हणतात. २०२५-२६ साठी दुसरा एप्रन २० कोटी ७८ लाख डॉलरवर आहे. मालक आणि खेळाडू संघटना यांच्यातल्या २०२३ च्या सामूहिक करारापासून ही रेषा ओलांडणाऱ्या संघाचे हात जवळजवळ बांधलेच जातात. दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून त्या बदल्यात एक मोठा खेळाडू घेता येत नाही, अदलाबदलीत रोख रक्कम देता येत नाही, सात वर्षांनंतरच्या ड्राफ्टमधील पहिल्या फेरीचा हक्क गोठतो आणि पुढील चार हंगामांपैकी दोन हंगामांत रेषा पुन्हा ओलांडली, तर तो हक्क पहिल्या फेरीच्या शेवटी ढकलला जातो. कर भरायला पैसे असणारे मालक पूर्वी वाट काढू शकत; ही बंधने मात्र पैशाने सुटत नाहीत. सेल्टिक्सनी माणसे सोडली ती या कात्रीतून बाहेर पडण्यासाठी, आणि करांचा डोंगरही त्यात होता हे नाकारण्याचे कारण नाही.

या मर्यादेतून काय साधते, असे कोणी विचारील. २०१९ ते २०२५ या ७ हंगामांत ७ वेगवेगळे संघ विजेते झाले. टोरंटो, लॉस एंजेलिस लेकर्स, मिलवॉकी, गोल्डन स्टेट, डेन्व्हर, बोस्टन आणि ओक्लाहोमा सिटी ही ती यादी. मिलवॉकी आणि ओक्लाहोमा सिटीसारख्या शहरांना पैशाच्या जोरावर न्यूयॉर्कशी टक्कर देणे कधीच शक्य झाले नसते. पण याची किंमत तरुण खेळाडू मोजतात, हेही तितकेच खरे आहे. न्यूयॉर्क निक्सच्या जेलन ब्रन्सनने २०२४ मध्ये १५ कोटी ६५ लाख डॉलरचा चार वर्षांचा करार स्वीकारला. वर्षभर थांबला असता तर पाच वर्षांसाठी सुमारे २६ कोटी ९० लाखांचा करार त्याला मिळू शकला असता. त्याचा निर्णय मला उमदा वाटतो. मात्र प्रत्येक खेळाडूने असेच करावे, अशी अपेक्षा ठेवणे मला योग्य वाटत नाही. ज्यांची कारकीर्द एका दुखापतीने संपू शकते, त्यांच्याकडे त्यागाची मागणी करणे सोपे आणि अन्याय्य आहे.

हे सारे परदेशातले आहे, आपल्या वाचकाला त्याचे काय, असा आक्षेप येऊ शकतो. त्याचे उत्तर प्रो कबड्डीत आहे. तिथे मर्यादा लवचीक नाही. दहाव्या हंगामाच्या लिलावासाठी प्रत्येक संघाची पर्स, म्हणजे खेळाडूंवर खर्च करता येणारी कमाल रक्कम, ५ कोटी रुपयांची होती. तेलुगू टायटन्सनी पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाख ५० हजार रुपये मोजले, म्हणजे पर्सच्या ५२ टक्के, आणि २२ सामन्यांत त्यांना फक्त २ विजय मिळाले. महागडा खेळाडू घेतला की संघ बुडतो, असा निष्कर्ष यावरून घाईने काढला गेला. परंतु त्याच लिलावात पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरझा शादलूला २ कोटी ३५ लाखांना, म्हणजे ४७ टक्क्यांना घेतले होते आणि त्या हंगामाचे विजेतेपद पलटणनेच पटकावले. कर्णधार अस्लम इनामदार, मोहित गोयत आणि आपल्या नाशिकचा आकाश शिंदे असे तरुण पलटणने आधीपासून संघात राखले होते, त्यांच्यासाठी लिलावात चढाओढ करावी लागली नव्हती. ओक्लाहोमा सिटीत विल्यम्स आणि होल्मग्रेन यांच्यामुळे जे साधले, ते पुण्यात या मुलांमुळे साधले. आकाशचा खेळ टीव्हीवर पाहणाऱ्या नाशिककरांना त्याच्या पगारातला आणि संघाच्या यशातला हा संबंध कोणीतरी उलगडून दाखवायला हवा आणि ते काम मराठी वृत्तपत्राचेच आहे.

म्हणून पुन्हा विनंती करतो. एनबीएतील मोठा करार असो, कबड्डीचा लिलाव असो किंवा आयपीएलचा, खेळाडूच्या नावापुढे रक्कम, मर्यादेतील किंवा पर्समधील टक्केवारी आणि कराराची उरलेली वर्षे अशी छोटी चौकट आपण द्यावी. लिलावाच्या दिवशी सर्व संघांची मिळून एक सारणी छापता आली आणि कोणत्या संघाने किती तरुण खेळाडू आधीच राखले आहेत हेही त्यात दाखवता आले, तर आमच्या मैदानावरची मुले ते कात्रण वहीत चिकटवून हंगामभर वापरतील. एनबीएचे मर्यादेचे आणि एप्रनचे आकडे दर उन्हाळ्यात नवा आर्थिक हंगाम सुरू होताना जाहीर होतात, तेव्हा ही चौकट जुलैपासूनच सुरू करता येईल.

कळावे.

आपला,
एक नियमित वाचक,
कॉलेज रोड, नाशिक