लॉर्ड्‌सच्या संग्रहालयातून

लंडन

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

लॉर्ड्‌सवर गेलो की सविस्तर लिहीन, असे तुला सांगितले होते. मैदान तू दूरचित्रवाणीवर इतक्यांदा पाहिले आहेस की त्याचे वर्णन करत बसत नाही. पॅव्हिलियनच्या मागे एमसीसीचे, म्हणजे हे मैदान ज्याचे आहे त्या मेरिलबोन क्रिकेट क्लबचे, जे संग्रहालय आहे, त्याविषयीच लिहितो. क्लबने १८६४ पासून क्रिकेटच्या वस्तू जमवायला सुरुवात केली, पण हे दालन दोन्ही महायुद्धांत कामी आलेल्या क्रिकेटपटूंचे स्मारक म्हणून १९५३ मध्ये उघडले गेले.

अ‍ॅशेसचा, म्हणजे इंग्लंड-ऑस्ट्रेलिया कसोटी मालिकेचा, रक्षाकलश इथेच आहे. ज्याच्या नावाने दोन देश पिढ्यानपिढ्या झुंजत आले, तो मातीचा कलश जेमतेम अकरा सेंटिमीटर उंच आहे. १८८२ मध्ये ओव्हलवर ऑस्ट्रेलियाने इंग्लंडला सात धावांनी हरवल्यावर एका वृत्तपत्राने इंग्लिश क्रिकेटचा उपरोधिक मृत्युलेख छापून त्याची रक्षा ऑस्ट्रेलियाला नेली जाईल असे म्हटले, आणि त्यानंतरच्या दौऱ्यावर ती रक्षा परत आणण्याची भाषा करणाऱ्या कर्णधार आयव्हो ब्लाय यांना ऑस्ट्रेलियात हा कलश भेट मिळाला. १९२७ मध्ये ते वारल्यावर त्यांच्या पत्नीने तो क्लबच्या स्वाधीन केला. मालिका कोणीही जिंको, कलश इथेच राहतो.

मला मात्र त्याहून अधिक खिळवून ठेवले ते पेंढा भरलेल्या एका चिमणीने. १९३६ च्या जुलैत केंब्रिज विद्यापीठाकडून गोलंदाजी करणाऱ्या जहांगीर खान यांचा चेंडू लागून ती याच मैदानावर मेली, आणि क्लबने ती चेंडूसह जपून ठेवली. हे जहांगीर खान म्हणजे १९३२ मध्ये लॉर्ड्‌सवरच झालेल्या भारताच्या पहिल्या कसोटीत खेळलेले गोलंदाज.

एका चिमणीची आठवण इतक्या निगुतीने राखलेली पाहिली आणि मला पाळवणकर बाळू आठवले. पुण्यातल्या युरोपियनांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखणारा, नेटमध्ये साहेबांना डावखुरी फिरकी टाकणारा हा चर्मकार समाजातला तरुण पुढे, धर्मवार संघांच्या त्या काळच्या सामन्यांत, हिंदू संघाचा आधारस्तंभ झाला. पण चहाच्या वेळी त्याच संघातले सवर्ण खेळाडू आत बसत आणि बाळूंना पॅव्हिलियनबाहेर मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळे. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या संघातून ते इंग्लंडला आले, लॉर्ड्‌सवरही खेळले आणि त्या दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. धाकटे बंधू शिवराम याच दौऱ्यावर होते, आणि दुसरे धाकटे बंधू विठ्ठल पुढे हिंदू संघाचे कर्णधार झाले, जो मान बाळूंना कधी दिला गेला नाही. श्रीधर, कर्तृत्वाच्या तोडीची जपणूक या घराण्याच्या वाट्याला आली नाही, असे मला तीव्रतेने वाटते. ड्रेसिंग रूममधल्या, इथे कसोटी शतक ठोकणाऱ्यांच्या मानफलकावर वेंगसरकरांचे नाव तीनदा वाचताना ऊर भरून आला खरा, पण भारत कसोटी खेळू लागण्यापूर्वीच्या पिढीसाठी असा फलक कुठून असणार?

तुझी पुण्यातल्या जुन्या क्रिकेट मंडळींत ऊठबस आहे. पाळवणकर बंधूंच्या काळातली धावपुस्तिका, संघाचे छायाचित्र, एखादे पत्र कोणाच्या माळ्यावर पडून असेल, तर निदान त्याची नोंद आणि प्रत करून ठेवायला हवी. मी डिसेंबरात येतो आहे; तोवर दोन-तीन घरी विचारणा करून ठेव, पुढचे आपण दोघे मिळून पाहू.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
माधव